नवनिर्वाचित अध्यक्ष आणि वृत्तपत्रे

भिलाईस मराठी वृत्तपत्र नागपुराहून येई, आणि बहुधा दुसऱ्या दिवशी येई. अध्यक्षांवरील आरोप आणि अध्यक्षांचा खुलासा आमच्या सेक्टरात वाचला जाई तेव्हा पुण्यात तो वाद शिळा झालेला असे. या उशिराने मला एक सवय लावली : साहित्य संमेलनाच्या नवनिर्वाचित अध्यक्षाविषयी एका दिवसाच्या अंकावरून मत बनवावयाचे नाही.

या अध्यक्षाची अवस्था मोठी चमत्कारिक. हजारभर मतदार त्याला निवडून देत. पण त्याच्या हाती ना निधी, ना हुकूम. असते ते केवळ बोलणे, आणि ते लोकांपर्यंत नेणार वृत्तपत्र. निवड आणि संमेलन यांमधील काळात भाषण अद्याप व्हावयाचे असते, बातमी मात्र रोज हवी असते. मग सत्कारसभेतील एखादे सैल वाक्य उचलले जाते.

श्रीपाल सबनीस यांचे उदाहरण ताजे वाटावे असे आहे. पिंपरी-चिंचवडचे संमेलन जानेवारी २०१६ मध्ये व्हावयाचे होते. त्याआधी पंतप्रधानांच्या लाहोर भेटीवर बोलताना त्यांनी एकेरी संबोधन वापरले, आणि नुकतेच निवर्तलेल्या मंगेश पाडगावकरांच्या संदर्भाने मृत्यूची भाषाही केली. वादळ उठले, हेतू अवमानाचा नव्हता, असे सांगून त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. वृत्तपत्रांनी संदर्भ मागे आणि शब्द पुढे ठेवला, हे खरे. परंतु मराठीत एकेरीइतके महाग दुसरे काही नाही, हे समीक्षकाला कोणी सांगावयास हवे काय? मला दोष दोहोंकडे दिसतो. पत्रांकडे किंचित अधिक, कारण त्यांना पुन्हा वाचून पाहण्यास रात्र मिळते.

आनंद यादवांना तर बोलण्याचीही संधी मिळाली नाही. २००९ साली महाबळेश्वरच्या संमेलनापूर्वी ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवरून वारकऱ्यांचा रोष झाला, त्यांनी राजीनामा दिला, आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडले. कादंबरी वाचलेले किती आणि बातमी वाचलेले किती, हा प्रश्न तेव्हा आमच्याकडेही निघाला होता.

याच्या अगदी उलट चित्र १९७५ चे. कऱ्हाडला दुर्गा भागवत अध्यक्ष होत्या, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण समोर होते, आणि बाईंनी आणीबाणीविरुद्ध आवाज उठविला. काय छापावे हे मात्र संपादकाच्या हाती राहिले नव्हते. त्या वेळचे माहिती व नभोवाणी मंत्री विद्याचरण शुक्ल हे आमच्या शेजारच्या रायपूरचे. मथळ्यांना कंटाळलेल्या अध्यक्षाने ते वर्ष आठवावे, असे मला वाटते. मथळाच नसणे काय असते, ते तेथे कळते.

२०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून मतदान गेले, अध्यक्ष महामंडळ ठरवू लागले. तेढ मात्र गेली नाही. नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतले गेले, आणि अरुणा ढेरे यांच्या निवडीचा आनंद त्या बातमीखाली झाकला गेला. त्यांनी व्यासपीठावरून त्या प्रकाराविषयी नापसंती स्पष्ट सांगितली.

अध्यक्षाला मधल्या मथळ्याविना ऐकण्याचा योग आम्हांस एकदाच आला. १९८१ साली संमेलन रायपूरला भरले. गंगाधर गाडगीळ अध्यक्ष होते. भिलाईहून तीस-एक किलोमीटर, आम्ही मंडळी टिफिन घेऊन गेलो.

आता नातवंडे हिंदी व इंग्रजी शाळांत शिकतात. लिपी एकच असल्याने मराठी मथळा त्यांना सहज वाचता येतो, आणि ती विचारतातही, ‘आजोबा, हे अध्यक्ष काय चुकीचे बोलले?’ अध्यक्षीय भाषणाची छापील पुस्तिका मी पुढे करतो. पहिल्या परिच्छेदातील चौथ्या-पाचव्या शब्दाशी त्यांचे बोट थांबते.