पाठीवरची पिशवी आणि काणकोणचा समुद्र

"या वयात? पाठीला पिशव्या लावून? आणि दोघंच?" शेजारच्या काकूंनी एका दमात तीन प्रश्न विचारले. चौथा त्यांनी गिळला. पण तो आम्हाला ऐकू आला. सासूबाईंचं वर्षश्राद्ध होऊन जेमतेम महिना झाला होता.

तुम्ही म्हणाल, गोव्याला जाण्यात काय एवढं? पण आम्ही पडलो इंदूरचे. आमचं पाणी म्हणजे नर्मदा. ती सत्तरेक किलोमीटरवरून, जलूदहून, पंपांनी चढून आमच्या नळाला येते. आमचे घाट महेश्वरचे, आमची सहल ओंकारेश्वरची. प्रवास म्हणजे कुलदेवता, नाहीतर लग्नकार्य. सोबत सात माणसं, अकरा डाग आणि पुऱ्यांचा डबा. आमच्या लग्नानंतर गोव्याची तिकिटं काढली होती, तीसुद्धा सासऱ्यांच्या आजारपणात रद्द करावी लागली. मग मुलगी झाली, माझी कॉलेजातली नोकरी, यांची बँक, आणि शेवटची सहा वर्षं सासूबाई अंथरुणावर. त्या सहा वर्षांत आम्ही दोघं एका वेळी घराबाहेर पडलो ते फक्त मतदानाला. तेही आळीपाळीने!

मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि जाताना आपली जुनी पाठपिशवी ठेवून गेली. दुसरी तिनंच मागवली. "आई, सूटकेस नाही न्यायची. जे पाठीवर मावेल तेच." झोपडीही तिनंच ठरवून दिली. मी तरी पिशवीत पाव किलो शेव कोंबलीच. इंदूरचा माणूस शेवेशिवाय निघाला तर त्याला स्टेशनवरून परत पाठवतात.

अवंतिकाने पहाटे मुंबई सेंट्रल, तिथून टॅक्सीने सीएसएमटी आणि मग मांडवी एक्स्प्रेस. मी इतिहास शिकवते, त्यामुळे 1998 साली 26 जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्याचं यांना सांगणं भाग होतं. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आला आणि डबा अंधारला. एवढ्या अंधारात आम्ही समोरासमोर बसलेलो, आणि माझ्या लक्षात आलं की आम्हाला बोलायला विषयच नाही. औषधं संपली का, डायपर आणलेत का, रात्रीची बाई आली का, हेच आमचं सहा वर्षांचं संभाषण. ते संपलं होतं. यांनी शेव काढली.

मडगावहून कदंबच्या बसने काणकोण आणि तिथून पाळोळे. किनारा असा कमानीसारखा वळलेला, माडांच्या सावलीत रंगीत झोपड्यांची रांग. या झोपड्यांना परवानगी हंगामापुरतीच. पावसाळ्याआधी सगळं सोडवून ठेवायचं, पाऊस सरला की पुन्हा उभं करायचं. झोपडीवाल्याने आमच्या पिशव्यांकडे पाहिलं, मग यांच्या पांढऱ्या केसांकडे, आणि विचारलं, "मुलं मागून येतात का?" आम्ही दोघंच म्हटल्यावर त्याने ओळखपत्रं निरखून पाहिली. भोवती सगळी पंचविशीतली जोडपी, देशी आणि विदेशी. माझा कॉटनचा पंजाबी ड्रेस त्या वस्तीत एकमेव.

यांना आधी देवदर्शन हवं होतं. ("काकू विचारतील.") म्हणून श्रीस्थळच्या मल्लिकार्जुनाला गेलो. काणकोण हा पोर्तुगीजांच्या नव्या काबिजादीतला भाग, म्हणजे तिसवाडी-साष्टीनंतर दोन-अडीचशे वर्षांनी त्यांच्या हाती आलेला. गोवा म्हणजे नुसती चर्चं असं समजून आलेल्याला इथे जुनी देवळं भेटतात. हे सगळं मी देवळाच्या पायरीवर यांना ऐकवलं. यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वर्गात पण इतकंच बोलतेस?" मला राग आला. आता वाटतं, निदान काहीतरी बोलले.

दुसऱ्या दिवशी गालजीबागला गेलो. सुरूच्या बनापुढचा तो शांत किनारा ऑलिव्ह रिडले कासवांचा. हिवाळ्यात माद्या वाळूत अंडी घालून जातात आणि वनखातं त्या जागेला कुंपण घालून राखण करतं. आई समुद्रात निघून जाते, पिल्लं आपापली पाण्याकडे चालतात. हे कुंपणापाशी बराच वेळ उभे राहिले. रिकामी पाण्याची बाटली मात्र त्यांनी हातातच ठेवली आणि कचरापेटी मिळेपर्यंत दोन किलोमीटर वागवली. 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं येणाऱ्या शहराचे नागरिक ना आम्ही!

घोटाळा झाला तो तिसऱ्या दिवशी. पाळोळ्याच्या उत्तर टोकाला एक छोटं बेट आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येतं. गेलो. खडकांवर बसलो. नदीकाठच्या माणसाला पाणी पुढे जाताना माहीत, मागून येताना नाही. किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांपैकी एक म्हातारा हात हलवून ओरडायला लागला, "बेगीन येयात! बेगीन!" आम्हाला वाटलं, मासे बघायला बोलावतोय. उठलो तेव्हा मधली वाट गेली होती. पाणी आधी गुडघ्याला, मग कमरेला. यांनी माझी पिशवी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. नीट धरलं. सहा वर्षांत त्या हातांनी आईंना कूस बदलून दिली होती, त्यामुळे माणूस कसा धरायचा हे त्यांना ठाऊक होतं. काठाला लागलो तेव्हा म्हातारा कोंकणीत बरंच बोलला. शब्द सगळे नाही कळले, मराठीशी नातं असल्यामुळे शिव्या कळल्या.

त्या रात्री शनिवार होता. दक्षिणेच्या टोकाला हेडफोन पार्टी असते असं मुलीने सांगितलं होतं. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी, म्हणून इथल्या लोकांनी ही युक्ती काढली. प्रत्येकाच्या कानात संगीत, बाहेर काही नाही. आम्ही दारातूनच पाहिलं. माणसं बेभान नाचताहेत आणि ऐकू येतायत फक्त पायांचे आवाज आणि लाटा. मला हसू आलं, यांनाही. मग परत येताना वाळूत बसलो आणि मी बोलून गेले.

"आई गेल्या ना, त्या रात्री मी गच्चीवर गेले होते. रडायला नाही. मला हलकं वाटत होतं. वर्षभर कुणाला सांगितलं नाही."

हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं आता. त्यांची आई होती ती.

"मी खाली गाडीत बसलो होतो," ते म्हणाले. "काच वर करून. मलाही तसंच वाटत होतं. मग वाटलं, तुला कळलं तर तू काय म्हणशील."

म्हणजे एकाच रात्री, एकाच घरात, एक वर आणि एक खाली. आणि मधल्या मजल्यावर पाहुण्यांचा चहा होत होता.

मग आम्ही आईंबद्दल बोललो. आजारी आईंबद्दल नाही, त्याआधीच्या. रविवारी सगळ्यांच्या आधी उठून पोहे करणाऱ्या, जिलबी आणायला यांना सायकलवर पिटाळणाऱ्या, पहिल्या पगारात मी साडी आणली तेव्हा "रंग बरा आहे" म्हणून ती लगेच नेसलेल्या. अंथरुणावरच्या आईंनी या आई झाकून टाकल्या होत्या. रडलो तेव्हा. दोघंही. शेजारच्या झोपडीतल्या परदेशी मुलीने विचारपूस केली, तिला शेव दिली.

इंदूरला परतल्यावर काकूंना काजू नेऊन दिले. "दर्शन झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं. मल्लिकार्जुनाचं."

बेटाचं सांगितलं नाही. मुलीलाही नाही, ती ओरडली असती. पिशव्या धुऊन गच्चीवर वाळत घातल्यात, पण शिवणीतली वाळू काही जात नाही. हे म्हणतात, राहू दे, गोकर्णला जाताना पुन्हा लागणारच आहेत.