हिंगणघाटकरानं पॅरिसमध्ये काय पाहावं

आमच्या बाजार समितीत कापसाचा भाव क्विंटलवर बोलतात आणि कापडाच्या दुकानात कात्री मीटरवर चालते. वार उरलाय तो नऊवारीच्या नावात. दुकानदार मोजतो मात्र सव्वाआठ मीटर. या मोजमापाचं माहेर फ्रान्स. मराठी मंडळींना तो देश हिंडवून आणणं हे माझं काम, आणि मी मूळचा हिंगणघाटचा. त्यामुळे माझ्या सहलीत एक थांबा असा असतो की पहिल्या दिवशी लोक माझ्याकडे संशयानं बघतात.

आयफेल मनोरा मी दाखवतोच, त्यावर वाद घालत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लक्झेंबर्ग बागेजवळ, रू द व्होजिरारवरच्या ३६ नंबरच्या इमारतीपाशी नेतो. तिथे कमानीखाली भिंतीत संगमरवराची एक आडवी पट्टी बसवलेली आहे. तो मीटर. लोकांना नव्या मापाची सवय व्हावी म्हणून १७९६-९७ मध्ये पॅरिसभर असे सोळा मीटर लावले होते. मूळ जागी राहिलेला हा एकटाच. ‘एवढंच?’ असं एक काकू म्हणाल्या होत्या. मग त्यांनीच पर्समधून शिवणाची टेप काढली आणि लावून पाहिली.

क्रांतीपूर्वीच्या फ्रान्समध्ये गावोगावी मापं निराळी होती, आपल्याकडच्या शेर-पायलीसारखी. १७९१ मध्ये ठरलं की उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. ठरवणं सोपं होतं, मोजायचं कुणी? १७९२ मध्ये दलांब्र आणि मेशँ हे दोन खगोलशास्त्रज्ञ निघाले, एक डंकर्कहून दक्षिणेकडे येणारा, दुसरा बार्सिलोनाहून उत्तरेकडे. भेटायचं ठिकाण रोदेझ. देश पेटलेला, आणि हे देवळांच्या मनोऱ्यांवर चढून दुर्बिणी लावणार! हेर समजून दलांब्रला अडकवलं गेलं. खुणेसाठी बांधलेलं पांढरं कापड राजाच्या निशाणासारखं दिसतं म्हणून त्याला लाल-निळ्या पट्ट्या जोडाव्या लागल्या. मेशँच्या बार्सिलोनातल्या निरीक्षणांत तफावत निघाली. ती त्यानं लपवली आणि पुढं मरेपर्यंत मनाला लावून घेतली. मीटर शेवटी सुमारे ०.२ मिलिमीटर आखूडच राहिला. मला मेशँ फार जवळचा वाटतो.

आता हिंगणघाट. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं भारताची त्रिकोणी मोजणी सुरू केली. त्यासाठी इंग्लंडहून निघालेला अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, वाटेत फ्रेंच लढाऊ जहाजानं पकडून मॉरिशसला नेला. इंग्रज-फ्रेंच एकमेकांच्या जिवावर उठलेले असतानाही तिथल्या फ्रेंच गव्हर्नरनं तो सौजन्याच्या पत्रासह मद्रासला धाडून दिला. पृथ्वी ध्रुवांपाशी किती चपटी आहे हे काढायला वेगवेगळ्या अक्षांशांवरचे कंस लागतात. १७३५-३६ मध्ये त्याच कामासाठी फ्रेंच पथकं पेरू आणि लॅपलंडला गेली होती. लॅम्ब्टनचा लांबच लांब कंस म्हणजे पॅरिसच्या गणितज्ञांना हवा असलेला दुवा. १८१७ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीनं त्याला पत्रव्यवहारी सदस्य करून घेतलं. तो स्वतः शेवटपर्यंत फुटांतच मोजत राहिला, हा भाग वेगळा. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटच्या मुक्कामी तो वारला. त्याचं थडगं आमच्याच गावात आहे.

म्हणून पॅरिस दलांब्र-मेशँनी मोजलेल्या रेखावृत्तावरून चालत पाहावं, असं माझं मत. त्या रेषेवर १९९४ मध्ये १३५ ब्राँझच्या चकत्या जमिनीत बसवल्या गेल्या. वर ‘आरागो’ हे नाव, उत्तरेला एन, दक्षिणेला एस. आरागो हा मीटरच्या याच रेषेचं काम पुढं नेणारा खगोलशास्त्रज्ञ. त्याचा पुतळा जर्मन अंमलात १९४२ मध्ये वितळवला गेला, रिकामा चौथरा मात्र आहे. बऱ्याच चकत्या चोरीला गेल्यात. वेधशाळेपासून निघा, लक्झेंबर्ग बागेतून लूव्ह्रपर्यंत या. एवढ्या चालण्यात शहर समजतं. लूव्ह्र मंगळवारी बंद असतं, तो दिवस टाळा.

वाटेत भूक लागली की बेकरीत शिरण्याआधी एक गोष्ट गाठीला बांधा. आत पाऊल टाकताच ‘बाँजूर’ म्हणायचं, मग काय हवं ते. पहिल्या खेपेला मी थेट भाव विचारला होता. बाईंनी माझ्या मागच्या माणसाला पाव दिला आणि मला तसंच उभं ठेवलं. उद्धट म्हणून मी रागावलो. उद्धट मी होतो, हे पुढं कळलं. आपल्याकडे दुकानदाराला ‘काय भाऊ’ म्हटल्याशिवाय सौदा सुरू होतो का? हॉटेलात बाटलीचं पाणी मागवू नका. ‘कराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी फुकट येतं. रोदेझसारख्या गावी गेलात तर बारा ते दोन दुकानांना कुलूप. तेवढ्यात जेवून घ्या आणि मग कॅथेड्रलचा मनोरा पाहा. दोन्ही मोजण्या तिथेच येऊन मिळाल्या.

भारतात दशमान मापांचा कायदा १९५६ चा, अंमल १९५८ च्या ऑक्टोबरपासून. लॅम्ब्टन जाऊन तोवर सव्वाशेहून अधिक वर्षं झाली होती.

पॅरिसला निघालात तर शिवणाची टेप सोबत असू द्या. आणि जायच्या आधी नागपूर-हैदराबाद रस्त्यावर हिंगणघाटला उतरून त्या थडग्यापाशी एकदा उभे राहून या.