तीन मिलिमीटर आमच्या नावावर

आमची थोरली मुलगी चौदाव्या वर्षी हसताना तोंडावर हात धरू लागली तेव्हा आम्हांला वाटले, वयच तसे आहे, लाजत असेल. पुढे शाळेच्या संमेलनाचा फोटो घरी आला. त्यात साऱ्या मुली हसत होत्या आणि ही एकटीच ओठ घट्ट मिटून उभी. तिच्या आईने खोदून विचारले तेव्हा रडत रडत बोलली. वर्गातल्या मुली तिला दातांवरून चिडवत होत्या. खालचे पटाशीचे दात एकमेकांवर चढलेले, वरचा डावा सुळा रांगेबाहेर, हिरडीत उंच.

कारणे सांगायला घरात व दारात कोणी कमी नव्हते. आमची आई म्हणाली, पोरीचे वरचे दात आधी आले होते, तेव्हाच समजायला हवे होते. वरचे दात आधी आले की मामाला जड, ही समजूत बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातूनही अजून गेलेली नाही. (मामा ठणठणीत आहेत.) शेजारच्या मावशींनी निकाल दिला की दात बापाचे आणि जबडा आईचा, म्हणून मावत नाहीत. झाले, सारा दोष आमच्या पत्नीच्या माहेरावर गेला. ती बिचारी दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही.

ऑफिसात तर याहून कडू अनुभव आला. डबा खाताना विषय निघाला आणि एक सहकारी सहज म्हणावे तसे म्हणाले, "तुमच्या लोकांत दात जरा मोठेच असतात, नाही का?" आम्ही पंचवीस वर्षे लोकांचे अर्ज लिहून देतो, मोर्चात बोलतो. पण त्या वेळी घास हातातच राहिला.

उत्तर सुचले ते रात्री. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ लिहिला. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे, हे म्हणणे त्यांनी त्यात तपासले आणि त्यासाठी नाकाच्या मापांचा आधार घेतला. वंश वेगळा असल्याचे ती मापे दाखवीत नाहीत, ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, हे त्यांनी मांडले. मापाची भाषा बोलणाऱ्याला मापानेच उत्तर! आम्हीही ठरवले, आधी माप घेऊ, मग दोष कोणाचा ते बोलू.

खासगी दवाखान्यात तारा बसवण्याचा जो आकडा सांगितला तो आमच्या दोन पगारांचा होता. म्हणून सरकारी दंत रुग्णालय गाठले. तिथल्या डॉक्टरबाईंनी मुलीच्या दातांचे ठसे घेतले आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचे दोन जबडे तयार केले. पुढच्या खेपेस त्यांनी शाळेच्या कंपासपेटीत असते तसल्या कर्कटकाने एकेका दाताची रुंदी मोजली. मग एक मऊ पितळी तार घेतली. खालच्या एका बाजूच्या पहिल्या कायमच्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या तशाच दाढेपर्यंत, दात जसे रांगेत असायला हवेत तशी ती वळवली, सरळ केली आणि पट्टीवर धरली. दोन दाढांमधल्या दहा दातांना जागा हवी ६६ मि.मी. आणि तार भरली ५७ मि.मी. तूट नऊ मिलिमीटर. आम्ही बी.कॉम. झालेले, ताळेबंद लगेच समजला.

वरच्या दातांशी खालच्यांचा मेळ आहे का, हेही त्यांनी पाहिले. बोल्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९५८ साली उत्तम बसलेल्या दातांचे ५५ नमुने मोजले. खालच्या बारा दातांच्या रुंदीची बेरीज वरच्या बारांच्या सुमारे ९१.३ टक्के असली तर दात नीट मिटतात, असे त्यास आढळले. हिचे प्रमाण त्याच्या जवळ होते. तिथे तक्रार नव्हती.

आमच्या आईची एक आशा होती, वाढते वय आहे, जबडा वाढेल आणि दात सरळ होतील. डॉक्टरबाईंनी समजावले. दाताची रुंदी तो हाडात असतानाच ठरते, बाहेर आल्यावर तो रुंद होत नाही. जबडा वाढतो, पण मुख्यतः मागच्या बाजूने, तिथे मागच्या दाढांची सोय होते. पुढे, सुळ्यांच्या मधली खालची रुंदी नवव्या-दहाव्या वर्षानंतर फारशी वाढत नाही. दात बापाचे आणि जबडा आईचा, अशी वाटणीही होत नसते. दोन्हींत दोघांचा वारसा मिसळलेला असतो आणि चावण्याच्या सवयीचाही जबड्याच्या वाढीशी संबंध असावा असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. कोरुचिनी या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने चंदीगडकडे शहरातल्या आणि खेड्यातल्या तरुणांचे दात पाहिले, तेव्हा शहरात वाकडे दात जास्त आढळले. आमच्या मुलीने कडक भाकरी किती खाल्ली, आणि चहात बुडवून पाव किती, हे आम्ही मनातल्या मनात मोजले.

मग बाईंनी प्लास्टरचा खालचा जबडा आमच्या हातात दिला. "डावी बाजू उजवीपेक्षा आखूड का?" त्यांनी विचारले.

ते उत्तर आम्हांला ठाऊक होते. सातव्या वर्षी तिची डावीकडची खालची दुधाची दाढ किडली. रात्रभर रडायची म्हणून काढून टाकली. तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा बोलावले होते, जागा राखायला तारेची छोटी कडी बसवू म्हणाले होते. आम्ही गेलो नाही. दुधाचाच दात, पडणारच होता, असे आम्हीच घरी सांगितले. त्या महिन्यात शिबिराची धावपळ होती हेही खरे.

दुधाच्या मागच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत राहायच्या असतात. त्यांच्या मागे सहाव्या वर्षी एक दाढ न पडता, न दुखता उगवते. ती कायमची असते, पण पुष्कळ आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. पुढची दाढ अकाली गेली की ही पुढे सरकते आणि खाली वाट पाहणाऱ्या उपदाढेची जागा खाते. नवांपैकी सुमारे तीन मिलिमीटर असे गेले होते. सहा निसर्गाचे, तीन आमच्या नावावर.

इलाज म्हणून वरखाली मिळून चार निरोगी उपदाढा काढायच्या होत्या. पत्नीने साफ नकार दिला. चांगले दात उपटायचे? हा वाद मोठमोठ्यांनी घातलेला आहे. १९११ साली अमेरिकेत एकही दात काढू नये म्हणणारा अँगलचा पक्ष आणि गरज असेल तिथे काढावा म्हणणारा केस, यांच्यात जाहीर खडाजंगी झाली. पुढे अँगलचाच शिष्य ट्वीड, बिघडलेले आपले जुने रुग्ण दात काढून पुन्हा बरे करू लागला. आम्ही पत्नीपुढे आकडे मांडले. खालच्या दोन उपदाढांचे साडेचौदा मि.मी., त्यातून तूट नऊ, उरलेल्या जागेत पुढे आलेले दात मागे घ्यायचे आणि दाढा थोड्या सरकायच्या. तिने कागद दोनदा वाचला आणि मुलीला विचारले. मुलगी म्हणाली, "काढा."

तारा दोन वर्षे आणि दोन महिने होत्या. दर महिन्याला अर्ध्या दिवसाची रजा पडे. त्या सहकाऱ्यांना आम्ही डब्याच्या वेळी सारी मापे सांगितली, बाबासाहेबांच्या ग्रंथासकट. ते हो हो म्हणाले आणि लोणचे पुढे केले.

प्लास्टरचे जबडे आता आमच्या पुस्तकांच्या फळीवर आहेत. परवा पौर्णिमेला विहारात शेजारची सून मुलाच्या किडक्या दाढेबद्दल सांगत होती, पाडून टाकू, दुधाचीच आहे म्हणून. आमच्या आईने त्या पोराचे तोंड उघडायला लावले, बोटाने मागून मोजले आणि म्हणाली, "अगं, ही शेवटची दुधाची नाही. उद्या रिक्षा कर, मी येते बरोबर."