नदीच्या खाली वसलेलं गाव

मुलांनो, वर्गात बसल्या बसल्या जरा छताकडे बघा. त्या छतावर आणखी एक मजला आहे असं समजा. आता त्या वरच्या मजल्याच्या गच्चीएवढ्या उंचीवर समुद्राचं पाणी आहे, आणि तुम्ही खाली निवांत पाढे म्हणत बसला आहात! छे, असं कुठे असतं का? असतं, बरं का. नेदरलँड्स देशात, म्हणजे आपण ज्याला सर्रास हॉलंड म्हणतो तिथे, असं एक गाव आहे. नीवरकर्क आन देन आयसेल असं त्याचं लांबलचक नाव. अर्थ मात्र सोपा आहे : आयसेल नदीकाठचं नवं देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च. त्या गावाच्या हद्दीत देशातली सगळ्यांत खोल जमीन आहे. समुद्रसपाटीच्या खाली सुमारे पावणेसात मीटर!

माझी धाकटी बहीण तिथे राहते, म्हणून मला हे सगळं ठाऊक. तिने तिथे घर घेतल्याचं कळवलं तेव्हा आमची आई फोनवर म्हणाली, "पाण्याखाली घर कशाला घेतलंत गं?" आईचं काही चुकत नव्हतं. आम्ही सांगलीच्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई दारात नाही, घरात आली होती. तेव्हापासून आई नदीचं नाव काढलं तरी गप्प होते. मग मी मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे गेले, ती निम्मी बहिणीला भेटायला आणि निम्मी आईच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला.

पहिल्याच संध्याकाळी भाच्याने मला बांधावर नेलं. बांध म्हणजे शेताचा नव्हे हं, चांगला उंच, वर रस्ता असलेला. एका बाजूला नदी वाहतेय आणि दुसऱ्या बाजूला, नदीच्या कितीतरी खाली, घरांची छपरं. गाई खाली, बोटी वर. माझ्या पोटात गोळाच आला. भाचा मात्र आरामात बदकांना हाका मारत होता.

आता ही जमीन इतकी खोल कशी गेली? तर माणसांनीच केली. पूर्वी इथे पीट नावाची दलदलीची माती होती. ती वाळवली की चुलीत छान जळते. लोकांनी शेकडो वर्षं ती खणून विकली. खड्ड्यांत पाणी साचलं, खड्ड्यांची तळी झाली, आणि वाऱ्याने लाटा उसळून तळी काठची जमीन खाऊ लागली. शेवटी एकोणिसाव्या शतकात पवनचक्क्या आणि वाफेची इंजिनं लावून तळ्याचं पाणी उपसून काढलं. १८४० च्या सुमारास तळ्याचा तळ कोरडा झाला आणि त्यावर शेती सुरू झाली. नदीकाठचे लोक गाळाच्या छोट्या पिवळसर विटा भाजत. १८५५ मध्ये रॉटरडॅमची रेल्वे आली, तरी गाव बराच काळ लहानच होतं.

सगळ्यांत मोठी गोष्ट पुढेच आहे. ३१ जानेवारी १९५३, शनिवारची रात्र. समुद्रावर भयंकर वादळ, त्यात मोठी भरती. आयसेल नदी समुद्राला जोडलेली, त्यामुळे भरतीचं पाणी थेट तिच्यात शिरतं. त्या काळी रेडिओ मध्यरात्री बंद व्हायचा, त्यामुळे झोपलेल्या लोकांना सावध करणार तरी कोण? दक्षिणेकडे बांध फुटत गेले. त्या पुरात देशातली १,८३६ माणसं गेली.

इथे पहाटे बांधाला भगदाड पडलं. ते भाग नेमका नुसत्या गवताचा होता, दगडी अस्तर नसलेला. त्या बांधामागे हे एकच गाव नव्हतं. हॉलंडच्या सखल भागातली कित्येक शहरं आणि लाखो माणसं त्याच्या आधाराने झोपली होती. गावच्या महापौरांनी आरी एव्हेग्रून नावाच्या बोटवाल्याला सांगितलं, "तुझी बोट त्या भगदाडात घाल." बोटीचं नाव होतं 'दोन भाऊ'. म्हणजे काय, तर ज्या बोटीवर पोट चालतं, तीच बुडवायला निघायचं. आणि बोट ओढीबरोबर आत गेली तर तोही गेलाच. पण त्याने बोट काढली. पाण्याच्या जोराने ती फिरली आणि उघडं दार आपटून लागावं तशी भगदाडावर आडवी बसली! मग लोकांनी वाळूची पोती टाकून उरलेली फट बुजवली.

त्या जागी आता बोटीचं शिल्प आहे. त्याचं नाव त्यांच्या एका म्हणीवरून ठेवलंय : काठावर उभं राहिलेलं नाणं. इकडे पडेल की तिकडे, सांगता येत नाही, असं! मी तिथे बराच वेळ उभी होते.

पण दर वेळी असा बोटवाला कुठून आणायचा? म्हणून १९५८ मध्ये, गावापासून थोड्याच अंतरावर, नदीवर पोलादी दरवाजे बांधले. एरवी ते उंच मनोऱ्यांमध्ये टांगलेले असतात आणि त्यांच्याखालून बोटी जातात. समुद्र चढला की खाली सोडतात. पुरानंतर त्या देशाने जी मोठमोठी कामं काढली, त्यातलं हे पहिलं.

बाकी गावाचा दिवस अगदी आपल्यासारखाच. सकाळी माझे मेहुणे सायकलवरून स्टेशनवर जातात, तिथे सायकलींची ही गर्दी! कुणी रॉटरडॅमला, कुणी गौडाला कामाला. गेल्या पन्नास-साठ वर्षांत अशी नोकरदार माणसं येत गेली आणि गाव वीस हजारांच्या वर गेलं. दुपारी गावात मुलं, आजीआजोबा आणि बदकं एवढेच उरतात. घरांमागच्या चरांतलं पावसाचं पाणी पंप उपसून वर नदीत टाकतात. पंप थांबले की तळं परत यायला लागलंच म्हणून समजा! ही सगळी देखरेख करणारं पाणीमंडळ वेगळं असतं. त्याची वेगळी निवडणूक होते, वेगळी पट्टी भरावी लागते. इथल्या पाणीमंडळाचा इतिहास १२७३ पर्यंत मागे जातो. म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादव राज्य करत होते तेव्हापासून हे लोक पाण्याची पट्टी भरताहेत!

मी आईला हे सगळं फोनवर सांगितलं. बोट, दरवाजे, पंप, पट्टी. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पण पोराला पोहता येतं का?"

येतं तर! तिकडे पोहण्याची परीक्षा असते आणि ती अंगावर कपडे आणि पायात बूट घालून द्यावी लागते. कारण पाण्यात पडणारं माणूस काही आधी कपडे बदलून पडत नाही. पाण्याखाली एक पडदा टांगलेला असतो, त्याच्या भोकातून डोळे उघडे ठेवून पार व्हायचं. भाचा पहिल्या फटक्यात पास झाला. प्रमाणपत्राचा फोटो आईने देवघराशेजारी लावलाय.