उसनवारी आणि चोरी

'चोरी करू नकोस' ही आज्ञा धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकविताना शेतातले धान, कुणाची सायकल, दुकानाचा गल्ला ही उदाहरणे सोपी जातात. गोष्टीची किंवा गाण्याची चोरी म्हटली, की आमचीही जीभ अडखळते. धान चोरीस गेले तर कणगी रिकामी होते. गोष्ट नेली तरी ती मूळ धन्याकडे उरतेच. मग चोरी झाली ती कशाची?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात आमच्या सेवाकाळाचा बराच भाग गेला. वसतिगृहातील मुलांचा सर्वांत लाडका कार्टून चित्रपट मोगलीचा. तो पाहून सहावीतील एका मुलीने आम्हांला विचारले, "फादर, रान आपल्यासारखे, वाघ आपल्यासारखा, मग गोष्ट साहेबाची कशी?" प्रश्न बिनतोड होता.

मुंबईत १८६५ साली जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने मोगलीच्या कथा १८९४ व १८९५ च्या दोन 'जंगल बुक'मध्ये प्रसिद्ध केल्या, आणि त्या लिहिल्या अमेरिकेत बसून. नागपूरच्या उत्तरेस असलेल्या सिवनीच्या रानाचा तपशील त्याला मिळाला तो स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुस्तकांतून. लांडग्यांनी वाढविलेल्या मुलांच्या हकिकती स्लीमनने त्यापूर्वीच लिहून ठेवल्या होत्या. १८९५ च्या एका पत्रात किपलिंगने स्वतःच म्हटले आहे, की आपण इतरांच्या कथांतून बरेच उचलले असण्याचा संभव आहे. कोणाकडून, ते मात्र आता आठवत नाही. हे पत्र २०१३ साली विक्रीस आले, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली.

पुढे १९६७ साली डिस्नेचा ॲनिमेशनपट आला. मूळ कथेत मोगलीचा मित्र असलेला का अजगर तेथे त्याच्या जिवावर उठतो. एवढा बदल करूनही श्रेयनामावलीत किपलिंगच्या कथांपासून प्रेरणा घेतल्याचे नमूद आहे. १९८९ साली जपानी मालिका निघाली. १९९३ पासून ती दूरदर्शनवर हिंदीत दिसली आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज लाभला. येथपर्यंतची उसनवारी आम्हांला प्रामाणिक वाटते. मूळ धन्याचे नाव सांगितले आणि घेतलेल्यात स्वतःच्या कष्टाची भर घातली.

तरीही एक सल उरतो. किपलिंगच्या पुस्तकात रानाची नस ओळखणारे गोंड शिकारी आहेत. डिस्नेच्या चित्रपटात ते कोठेच नाहीत. उसनवारीच्या प्रत्येक हातबदलात कोणीतरी पुसले जाते, आणि पुसला जातो तो बहुधा दुबळाच.

१९९४ च्या 'द लायन किंग'मध्ये याचा पडताळा येतो. शेक्सपिअरचा 'हॅम्लेट', तसेच बायबलमधील योसेफ आणि मोशे यांच्या कथांचे ऋण निर्मात्यांनी मोकळेपणाने सांगितले. परंतु जपानच्या ओसामू तेझुका यांनी १९५० पासून चित्रकथेत आणि १९६५ साली दूरचित्रवाणीवर सिंहाच्या राजपुत्राची कथा रंगविली होती. दोहोंतील साम्यावरून वादळ उठले. डिस्नेने नक्कल नाकारली. तेझुकांची संस्था न्यायालयात गेली नाही. गंमत अशी, की तेझुका स्वतः डिस्नेचे निस्सीम चाहते होते आणि 'बँबी'ची चित्रकथाही त्यांनी काढली होती. येथे सीमारेषा धूसर आहे, आणि निवाडा करण्याचा अधिकार आम्ही घेत नाही.

त्याच चित्रपटातील एका गाण्याची हकीकत मात्र मुळीच धूसर नाही. सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ साली जोहान्सबर्ग येथे 'म्बुबे' हे गीत ध्वनिमुद्रित केले. त्याचे हक्क दहा शिलिंगांच्या आसपास विकले गेले. त्याच सुरावटीवर बेतलेले इंग्रजी गीत जगभर गाजले आणि पुढे 'द लायन किंग'मध्येही आले. लिंडा १९६२ साली दारिद्र्यातच वारला. त्याच्या मुलींनी दावा लावल्यावर २००६ साली तडजोड झाली आणि कुटुंबास वाटा मिळाला. सूर तोच, परंतु गाणाऱ्याचे नाव आणि घास दोन्ही काढून घेतले गेले. प्रेरणा तेथे संपली होती.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात दंडक घालून दिला, की कल्पनेवर कोणाची मालकी नाही. मात्र दुसरी कृती पहिलीची नक्कलच आहे असे पाहणाऱ्यास निःसंशय वाटले, तर तो हक्कभंग होय. दंडक रास्त आहे. परंतु भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया आजीची गोष्ट कोणत्या कागदावर लिहिलेली आहे? उद्या कोणी ती मोबाइलवर टिपून नेली आणि तिचा ॲनिमेशनपट केला, तर तिच्या बाजूने न्यायालयात कोण उभे राहणार?

म्हणून आम्हांला कायद्याइतकीच घराघरांतली उसनवारीची रीत मोलाची वाटते. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली, तर कोणाकडून आणली ते घरात ठाऊक असते आणि वाटी रिकामी परत जात नाही. गोष्टीलाही हाच न्याय लावावा. नाव सांगितले का? स्वतःची भर घातली का? ज्याच्याकडून घेतले, त्याच्या पदरात काही पडले का?

पालकहो, नाताळच्या कार्यक्रमात मुले नाटुकले बसवितात, अलीकडे मोबाइलवर छोटी चलत्चित्रेही करतात. आरंभी कथा कोणाची ते त्यांना आवर्जून सांगायला लावा. आजीची असेल तर आजीचे नाव घ्यावे, आणि तिला पहिल्या रांगेत बसवावे.