तंजावर की तिरुवैयारु?

वाचकहो, लंडन पाहावे की पॅरिस, हा प्रश्न ज्यांच्यापुढे उभा राहतो त्यांचे भाग्य थोर. आपणां सामान्य कुटुंबवत्सल माणसांपुढचे प्रश्न याहून लहान असतात. पण ते सोडविणे सोपे असतेच असे नाही. समजा, आपण मुलाबाळांसह रामेश्वराच्या यात्रेला निघाला आहात. रजा मोजून मिळालेली, परतीची तिकिटे हाती असलेली, आणि वाटेत कावेरीच्या खोऱ्यात घालवण्यासाठी अवघा एक दिवस. त्या दिवशी तंजावर पाहावे की तिरुवैयारु? दोन्ही गावांत अंतर आहे सुमारे बारा-तेरा किलोमीटरांचे. परंतु या दोहोंमध्ये निवड करण्याचा प्रसंग आपल्या आधीही काही माणसांवर आला होता, आणि त्यांनी काय निवडले हे कळल्यावाचून आपला निर्णय पुरा व्हावयाचा नाही.

मराठी माणसाचे पहिले उत्तर ठरलेले असते : तंजावर! आणि त्यात चूक काहीच नाही. राजराज चोलाने उभारलेले बृहदीश्वराचे मंदिर इ. स. १०१० मध्ये पूर्ण झाले. त्याचे सुमारे दोनशे फूट उंचीचे विमान दुरूनच दृष्टीस पडते, आणि जवळ जावे तों आपण लहान होत चाललो आहोत असे वाटू लागते. परंतु आपल्या मुलांना खरे नवल वाटेल ते याच मंदिराच्या आवारातील भिंतीवर. तेथे मराठी भाषेत कोरलेला भोसल्यांच्या वंशाचा इतिहास आहे. १८०३ मध्ये सरफोजीराजांच्या आज्ञेने तो कोरला गेला. भोवतालच्या शिलालेखांतील तमिळ अक्षरे आपल्याला परकी. आणि अकस्मात ओळखीची देवनागरी अक्षरे समोर यावीत! घरापासून हजारावर किलोमीटर दूर आपलीच माणसे दगडांतून बोलताना पाहून कोणाचे मन भरून येणार नाही?

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे राज्य स्थापिले, आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी ते खालसा करीपर्यंत भोसल्यांची गादी येथे नांदली. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे स्वतः नाटककार होते. सांगलीस विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी तंजावरात मराठी नाटके लिहिली जात होती. पुढे १७९८ मध्ये गादीवर आलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल या ग्रंथालयाचे वैभव वाढविले. १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांच्या हाती गेला होता. राजाकडे किल्ला आणि त्याच्या भोवतालचा थोडा मुलूख एवढेच उरले होते. दुसरा कोणी असता तर खंत करीत बसला असता. सरफोजीराजांनी ग्रंथ जमविले, वैद्यक अभ्यासिले, छापखाना घातला. त्या छापखान्यातून १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टींचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक बाहेर पडले. आज आपली मुले गोष्टींची पुस्तके वाचतात, त्या वाटेवरचा एक अगदी पहिला दिवा तंजावरास लागला होता.

इतके सारे तंजावरात असता तिरुवैयारुला जावेच कशाला? तेथे उत्तुंग विमान नाही, राजवाडा नाही, आगगाडीचे स्थानकही नाही. तरीही माझी विनंती आहे की उत्तर देण्यापूर्वी एकदा त्या रस्त्याने चला.

तंजावराहून उत्तरेस निघालेला हा रस्ता एकामागून एक पाच पूल ओलांडतो. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. पहिले चार प्रवाह कावेरीचेच फाटे होत. कल्लणै येथे प्राचीन काळापासून बांध आहे, आणि तो करिकाल चोलाने घातला अशी परंपरा आहे. तेथून पुढे कावेरीचे पाणी वाटले जाते आणि अशा अनेक प्रवाहांनी भातशेतीला पोसते. दख्खनच्या कोरड्या माळावर वाढलेल्या मुलांना हे दृश्य नवे वाटेल : थोड्या थोड्या अंतरावर पूल, दोहों बाजूंस हिरवी खाचरे, मधून मधून नारळी आणि केळी. मुलांना पूल मोजावयास सांगा. पाचवा पूल ओलांडला की आपण गावात पोहोचतो, आणि गावाच्या नावाचा अर्थही मुलांना सांगता येतो. ‘तिरु’ म्हणजे श्री, ‘ऐ’ म्हणजे पाच आणि ‘आरु’ म्हणजे नदी. संस्कृतात यालाच पंचनद क्षेत्र म्हणतात. आणि येथील शंकर तो ऐयारप्पर, म्हणजे पंचनदीश्वर.

हे मंदिर फार जुने आहे. सातव्या शतकातील शैव संत अप्पर यांची एक कथा येथे सांगतात. उतारवयात अप्परांना कैलासदर्शनाची ओढ लागली. ते उत्तरेस निघाले; पाय थकले तेव्हा रांगू लागले, रांगणेही सरले तेव्हा अंग फरफटत पुढे सरकू लागले. तेव्हा देवाने त्यांना जवळच्या सरोवरात बुडी मारण्यास सांगितले. बुडी मारून ते वर आले तों तिरुवैयारुच्या पुष्करिणीत! आणि कैलासाचे दर्शन त्यांना येथेच घडले. सावता माळी पंढरीस गेला नाही, पांडुरंगच त्याच्या मळ्यात आला, ही कथा लहानपणी ऐकलेल्या माणसाला अप्परांची गोष्ट कोणी समजावून सांगावी लागत नाही. आपली दिंडी-पालखीही येथे भेटते. चित्रा महिन्याच्या उत्सवात ऐयारप्परांची पालखी आसपासच्या सहा गावांच्या देवांना भेटावयास निघते. या सात स्थानांच्या यात्रेला सप्तस्थान म्हणतात.

पण तिरुवैयारुचे नाव आज देशोदेशी घेतले जाते ते मुख्यतः एका गृहस्थामुळे. त्यागराज हे त्यांचे नाव. १७६७ मध्ये तिरुवारूर येथे त्यांचा जन्म झाला, आणि त्यांचे आयुष्य याच गावात गेले. घरची भाषा तेलुगू, राज्य मराठ्यांचे, गाव तमिळ! त्यांच्या वडिलांना येथील घर तंजावरच्या तुळजाराजांकडून मिळाले असे परंपरा सांगते. त्यांचे संगीतगुरू सोंटी वेंकटरमणय्या हे तंजावर दरबारचे विद्वान. म्हणजे राजदरबाराची वाट त्यागराजांच्या पायाखालचीच होती. पण त्यांनी पत्करली ती उंछवृत्ती. सकाळी रामनाम गात गावातील गल्ल्यांतून फिरावे, घरोघर जे मूठभर तांदूळ मिळतील त्यांवर कुटुंबाचा आणि शिष्यांचा योगक्षेम चालवावा. आपल्याकडील माधुकरीचीच ही दक्षिणेकडील बहीण होय.

आख्यायिका अशी आहे की त्यागराजांची कीर्ती ऐकून सरफोजीराजांनी त्यांना दरबारात येण्याचे आमंत्रण धाडिले, सोबत धनही धाडिले; आणि त्यागराजांनी ते आदरपूर्वक परत केले. कल्याणी रागातील ‘निधि चाल सुखमा’ ही त्यांची कृती याच प्रसंगाची मानली जाते. सुख धनाच्या राशीत आहे की रामाच्या सान्निध्यात, असा तिचा प्रश्न आहे. त्यांच्या वडील भावाला हा नकार मानवला नाही. संतापाच्या भरात त्याने त्यागराजांच्या पूजेतील राममूर्ती कावेरीत फेकून दिली, आणि पुढे ती नदीच्या वाळूत पुन्हा सापडली, असेही सांगतात.

वाचकहो, ही कथा आपण पूर्वी कोठे ऐकली आहे काय? देहूस ऐकली आहे! शिवरायांनी पाठविलेला नजराणा तुकोबांनी परत केला, आणि इंद्रायणीत बुडविलेली गाथा पुन्हा वर आली. नदी दुसरी, भाषा दुसरी, काळातही दीडशे वर्षांचे अंतर. पण देणारे घराणे तेच, भोसल्यांचे! घेण्यास नकार देणारा वाणीही तोच आणि ब्राह्मणही तोच, असे वाटू लागते. इतिहासाच्या काटेकोर कसोटीला या आख्यायिका कितपत उतरतील ते असो. पण दोन दूरच्या प्रांतांतील लोकांनी आपापल्या संतांविषयी एकच गोष्ट जतन करून ठेवावी, यात त्यांना काय मोलाचे वाटत होते ते दिसते. आणि यात राजांचाही उपमर्द नाही. गुणवंताला हाक मारावी हे राजाला शोभले. हाक नम्रपणे नाकारावी हे संताला शोभले. ज्या घराण्याने दोन वेळा असा नकार ऐकला आणि दोन्ही वेळा त्या संतांना आपल्या जागी सुखाने राहू दिले, त्याच्याविषयीचा आदर अशाने वाढतोच.

त्यागराजांनी शेवटी संन्यास घेतला आणि १८४७ च्या जानेवारीत, पौष वद्य पंचमीस, ते समाधिस्थ झाले. त्यांच्या सुमारे सातशे कृती आज उपलब्ध आहेत; पण समाधी मात्र काळाच्या ओघात दुर्लक्षित झाली होती. तिचा उद्धार एका स्त्रीने केला. बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी परंपरेत जन्मलेल्या गायिका. मद्रासेत त्यांनी धन मिळविले, मान मिळविला. समाधीची दुरवस्था कानी आल्यावर त्यांनी आपली मिळकत या कामी लावली. १९२१ मध्ये पायाभरणी झाली आणि १९२५ मध्ये समाधिमंदिराची प्रतिष्ठापना. परंतु ज्या समाधीचे मंदिर त्यांनी बांधले, तेथील उत्सवात स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती! नागरत्नम्मा भांडत बसल्या नाहीत, आणि मागेही हटल्या नाहीत. १९२७ पासून त्यांनी समाधीच्या मागील बाजूस स्त्रियांचा स्वतंत्र उत्सव सुरू केला. पुढे १९४० च्या सुमारास सारे पक्ष एकत्र आले आणि स्त्रीपुरुषांचा आराधना-उत्सव एक झाला. मद्रासेसारखे शहर सोडून नागरत्नम्मांनीही अखेरची वर्षे येथेच काढली. १९५२ मध्ये त्या निवर्तल्या. त्यागराजांच्या समाधीकडे तोंड करून बसलेली त्यांची मूर्ती आज तेथे आहे. आपल्या मुलींना ती अवश्य दाखवा.

दरवर्षी पौष वद्य पंचमीस येथे शेकडो गायक-वादक कावेरीकाठी मांडी घालून बसतात आणि नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री या पाच रागांतील त्यागराजांची पंचरत्ने एकत्र गातात. त्या पंक्तीत नामांकित विद्वान असतात आणि शेजारी नुकतीच शिकू लागलेली पोरेही असतात. मानधनाची गोष्ट नाही, पुढे-मागे बसण्याचा मान नाही. ज्याने दरबार नाकारला, त्याच्या दारी हा दरबार भरतो.

तेव्हा आता निर्णय. माझा सल्ला असा की दिवस एकच असला तरी दोन्ही गावे पाहावीत. पण क्रम चुकवू नये. आधी तंजावर, मग तिरुवैयारु. सकाळी बृहदीश्वराचे दर्शन घ्या, मराठी लेखातील चार ओळी मुलांकडून वाचून घ्या. दुपारी देवळे बंद असतात, ती वेळ राजवाडा आणि सरस्वती महालाचे संग्रहालय पाहण्यात सार्थकी लावा. ऊन कलले की बसने तिरुवैयारु गाठा. प्रथम ऐयारप्पराचे दर्शन, मग कावेरीच्या काठी समाधी. बाजारात ‘अशोका’ नावाचा मुगाच्या डाळीचा, तुपाने थबथबलेला हलवा मिळतो. आपल्या मुगाच्या शिऱ्याचा हा दक्षिणेकडील भाऊ थोडा बांधून घ्यावयास हरकत नाही.

हा क्रम केवळ सोयीसाठी नाही. तंजावर पाहिल्याविना तिरुवैयारु पाहिले, तर तेथे एक नदी, एक घाट आणि एक साधे समाधिमंदिर एवढेच दिसेल. त्या माणसाने काय नाकारले, हे आधी डोळ्यांनी पाहिले म्हणजे मग त्या नकाराचे मोल कळते. उलट, तंजावर पाहून तसेच परतलो, तर पूर्वजांच्या वैभवाचा अभिमान घेऊन येऊ, पण त्या वैभवाहून मोठे असे काहीतरी अवघ्या पाच पुलांपलीकडे होते, हे आपल्याला कळणारच नाही.

मात्र आपला प्रवास पौष वद्य पंचमीस त्या बाजूला असेल, तर माझा सल्ला निराळा आहे. त्या दिवशी तंजावर राहू द्या. बृहदीश्वराचे मंदिर हजार वर्षे उभे आहे. पुढील खेपेपर्यंत ते आपली वाट पाहील. आपण पहाटेच निघा, पाच पूल ओलांडा, आणि नदीकाठी जेथे जागा मिळेल तेथे बसून घ्या. गीतांची भाषा कळली नाही तरी चिंता करू नका. एवढे स्वर एकाच वेळी एकाच नावाला हाक मारू लागले म्हणजे ती हाक आळंदीची की तिरुवैयारुची, हे कानांना वेगळे करता येत नाही.