वसईच्या फादरांची ग्रीक

माझ्या बी.डी.च्या पदवीवर सिरामपूरच्या सिनेटचा शिक्का आहे. सिरामपूर एकेकाळी डॅनिश वसाहत, म्हणून तिथल्या कॉलेजला पदव्या देण्याची सनद 1827 साली मिळाली ती थेट डेन्मार्कच्या राजाकडून. त्या राजाचं ऋण मानायला माझी हरकत नाही. पण ग्रीकच्या पेपरात मी तरलो तो एका जेझुइट फादरांमुळे, आणि ते आमच्या सेमिनरीचे नव्हतेच.

मी नगर जिल्ह्यातला, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत वाढलेला. पुण्यात शिकताना संदर्भ शोधायला नगर रोडवर ज्ञानदीप विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचो. 1955 साली कँडीहून पुण्याला आलेली ही कॅथलिकांची सेमिनरी. घरी कळलं तेव्हा आजोबांनी विचारलं, "आता माळ जपायला लागणार का?"

त्या ग्रंथालयात भेटलेले हे फादर वसईचे. माझ्या इंग्रजी पुस्तकातला 'मिडल व्हॉइस' बघून म्हणाले, "शाळेत संस्कृत होतं ना? मग घोकतोस कशाला?" आणि एका रद्दी कॅटलॉग कार्डाच्या पाठीवर लिहिलं : यजति, यजते. पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो ते परस्मैपद, यजमान स्वतःसाठी करतो ते आत्मनेपद. त्याखाली ग्रीक लुओ, लुओमाय. मग भूतकाळ. संस्कृतात धातूच्या आधी 'अ' लागतो, ग्रीकमध्ये 'ए' : अगच्छम्, एलुओन. इंग्रजीच्या वाटेने महिनोन्महिने न उलगडलेलं व्याकरण त्या दुपारी सरळ झालं.

पुढे अशी कार्डं साठतच गेली. फी विचारायची सोय नव्हती. गावाकडची बोरं नेली, तर तीही तिथेच सगळ्यांना वाटून टाकली.

जी संस्कृत भाषा माझ्या पणजोबांच्या कानावर पडणंही गावाला मंजूर नव्हतं, तिचं बोट धरून मी नवा करार मुळातून वाचला; आणि ते बोट हातात दिलं पोपच्या माणसाने! आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते ठसका लागेपर्यंत हसले.

फादर आता नाहीत. मी पाळक आहे, आणि सेमिनरीत जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना संध्याकाळी त्याच कार्डांवरून ग्रीक शिकवतो. पंचाईत एवढीच, की त्यांतल्या बहुतेकांनी शाळेत संस्कृत घेतलेलं नाही. त्यामुळे आधी रामः रामौ रामाः, मग लोगोस. पोरं कुरकुरतात, "पाळकसाहेब, हे परीक्षेला आहे का?"